चर कोणाच्या नावावर?

इंडोनेशियाच्या दक्षिण कालिमंतान प्रांतात, बारितो नदी समुद्राला मिळते त्या दलदलीच्या मुलखात, शेत करायचे तर आधी चर खणावा लागतो. काही घरची माणसे एकत्र येतात आणि नदीकाठापासून आत, रानाच्या दिशेने सरळ खणत जातात. भरतीचे पाणी जिथवर रेटा देते तिथवर चर, बहुधा दोन-तीन किलोमीटर. मग त्याच्या दोन्ही अंगांना काटकोनात लांबट पट्ट्या पाडतात. ज्याने खणले त्याची पट्टी. या चराला बंजार लोक हांडिल म्हणतात, आणि त्यांच्या खेड्यातल्या जमीनजुमल्याचा कोणताही प्रश्न घ्या, तो शेवटी या चरावर येऊन थांबतो. (बंजार म्हणजे बोर्नियोच्या इंडोनेशियन भागातला, मलय कुळातली भाषा बोलणारा मुसलमान समाज. आपल्याकडच्या बंजारा समाजाशी त्यांचे काही नाते नाही.)

इंडोनेशियाचे सरकार गेली काही वर्षे देशातल्या प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला मालकीचे प्रमाणपत्र देत सुटले आहे. काम गरजेचे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण बंजार खेड्यात ते ज्या पद्धतीने होते, त्याने पट्टीची नोंद होते आणि चर कागदाबाहेर राहतो. शिवाय नोंद बहुतेकदा एकाच नावावर होते, आणि इथली जमीन तर कधी एकट्याची नव्हतीच. हे दोन दोष वेळीच सुधारले नाहीत, तर मालकी पक्की होईल आणि शेत मात्र हातचे जाईल.

चराला एवढे महत्त्व का, हे कळायला तिथली माती कळायला हवी. या दलदलीच्या मातीत थोड्या खोलीवर पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. पाण्याखाली आहे तोवर ते निरुपद्रवी असते. माती कोरडी पडली, हवा लागली, की त्यापासून आम्ल तयार होते आणि शेत आंबते. अशा शेतात भात पिवळा पडतो, मुळे खुरटतात. दिवसाकाठी चरातून आत येणारी भरती आणि बाहेर जाणारी ओहोटी हे आम्ल धुवून नेते. उधाणाला पाणी शेतावर चढते. भांगाच्या दिवसांत काही शेतांना ते मिळते, काहींना मिळत नाही, आणि शेताची प्रत त्यावरच ठरते. कोरड्या महिन्यांत चराला ताबात घालतात, म्हणजे तात्पुरता बांध, म्हणजे असलेले पाणी ओसरून जात नाही. ताबात कधी घालायचा आणि कधी फोडायचा, हे एकट्या शेतकऱ्याने ठरवून भागत नाही. वरच्या अंगाला पाणी हवे असते तेव्हा खालच्याला नको असते. त्यासाठी हांडिलाचा एक प्रमुख असतो, आणि दर वर्षी सगळ्यांनी मिळून गवत कापायचे, गाळ उपसायचा, असा रिवाज असतो.

शेतीची रीतही याच मातीने घडवली आहे. नांगर इथे जवळजवळ निषिद्ध, कारण तो खालचा विषारी थर वर आणतो. त्याऐवजी ताजाक नावाचे लांब दांड्याचे, तलवारीसारख्या पात्याचे अवजार असते. कमरेत वाकून ते फिरवायचे आणि गवत मुळाच्या जरा वरून छाटायचे. कापलेल्या गवताचे गोळे करून ते पाण्यात कुजू द्यायचे, उलटायचे, मग शेतभर पसरायचे. रोप एका जागी वाढवून थेट लावले असे होत नाही. तरवा टाकायचा, मग उचलून दुसरीकडे, मग तिसरीकडे, आणि अखेर पाणी उतरल्यावर शेतात. तोवर रोप गुडघ्याच्या वर गेलेले असते, म्हणून पाण्यात बुडत नाही. स्यामसारख्या इथल्या स्थानिक भाताला तयार व्हायला आठ-दहा महिने लागतात. कापणी बोटांत धरायच्या लहान पात्याने, एकेक लोंबी तोडत. वर्षाला एक पीक. कृषी खात्याच्या माणसाला हे मागासलेले वाटत आले आहे. तीन-चार महिन्यांत येणाऱ्या वाणांची शिफारस वारंवार झाली, पण मोकळा, न चिकटणारा भात बंजारांना आवडतो, बाजारात त्याला भाव चांगला मिळतो, म्हणून शेतकरी ऐकत नाही. मला त्याचे बरोबर वाटते.

जमीन मोजायचे मापही शरीरावरून आलेले आहे. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर, त्याला आपण वाव म्हणतो, ते देपा म्हणतात. दहा देपा लांब, दहा देपा रुंद म्हणजे एक बोरोंगान: 17 मीटर गुणिले 17 मीटर, 289 चौरस मीटर. साधारण 35 बोरोंगान म्हणजे एक हेक्टर. मजुरी, खंड, विक्री सगळे बोरोंगानात बोलले जाते. भूमापन खात्याचा माणूस मात्र चौरस मीटर लिहितो.

मालकीचा कागदही जुना आहे. 1835 मध्ये बंजारच्या सुलतान आदमने जी कायदेसंहिता काढली, तिच्यात नमाज आणि विवाहाबरोबर जमिनीची विक्री, गहाण आणि वाद यांचीही कलमे होती. 1860 मध्ये डचांनी सुलतानशाही बरखास्त केली, तरी गावच्या पातळीवर व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची सवय टिकली. सरकारी मुद्रांकाच्या कागदावर, गावप्रमुखाच्या सहीने केलेल्या दस्ताला आजही सेगेल म्हणतात. त्यात चतुःसीमा असतात: पूर्वेला अमक्याचे शेत, पश्चिमेला तमक्याचे, उत्तरेला हांडिल. अमका मेला, त्याच्या पोरांनी विकले, की सीमाच हरवते. एकाच पट्टीचे दोन-तीन सेगेल निघणे ही तिथली नेहमीची डोकेदुखी आहे. गवताळ पडीवर गालामची झाडे माजली की खुणाही जातात.

म्हणून प्रमाणपत्राची मागणी शेतकऱ्याचीच आहे. ती कुणी वरून लादलेली नाही. 1960 च्या मूलभूत कृषी-भूमी कायद्याने वसाहतकालीन दुहेरी व्यवस्था (एकीकडे युरोपीय कायदा, दुसरीकडे स्थानिक रूढी) मोडली आणि देशाचा जमीन कायदा रूढींवर उभा आहे असे जाहीर केले. कागदावर मात्र पुढची साडेपाच दशके काम मुंगीच्या पावलांनी चालले. देशात अंदाजे 12 कोटी 60 लाख तुकडे, आणि प्रमाणपत्रे वर्षाला पाच लाखांच्या आसपास. 2017 पासून गावेच्या गावे एकदम मोजायची मोहीम सुरू झाली आणि वर्षाचे लक्ष्य पन्नास लाखांवर गेले. दक्षिण कालिमंतानात कोळसा आहे, तेलमाडाचे मळे आहेत. कंपनीचा माणूस परवाना घेऊन येतो तेव्हा सेगेलवाल्याची बाजू लंगडी आणि प्रमाणपत्रवाल्याची भक्कम असते. कर्ज काढायचे तर बँकही प्रमाणपत्रच मागते. सामूहिक रूढीच्या नावाने जे अभ्यासक या कागदाला नाके मुरडतात, त्यांनी गालामच्या रानात हरवलेली सीमा एकदा शोधून दाखवावी.

तरीही अडचण उरते, आणि ती पाण्याची आहे. मोजणी पट्टीपट्टीने होते. चर सरकारी नकाशावर येतो तो बहुधा एक रेघ म्हणून. त्याचे हिस्सेदार कोण, उपसायची पाळी कोणाची, काठावर भराव घालायला बंदी आहे की नाही, हे कुठेच येत नाही. बंजारमासिन शहराबाहेर गाम्बुत आणि कर्तक हान्यारकडे पाहा. हा एके काळचा पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती) दलदलीचा भाग, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी भाताचे कोठार झालेला. शहर मोठ्या रस्त्याने तिकडेच सरकते आहे. समजा, रस्त्यालगत, चराच्या तोंडाशी असलेली पट्टी एकाने विकली. व्यवहार चोख, प्रमाणपत्र चोख, कुणाची फसवणूक नाही. घेणाऱ्याने घरांसाठी भराव टाकला आणि चर अरुंद केला, किंवा नळ्या टाकून झाकला. मागच्या चाळीस पट्ट्यांची भरती तिथेच अडते. वर्ष-दोन वर्षांत ती शेते आंबायला लागतात, मालक पडीक टाकतात आणि मग तेही विकतात. प्रत्येकाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद असतो, आणि त्या कागदाने ज्याचे रक्षण करायचे ते शेत उरलेले नसते. पावसाळ्यात उलटी गत होते, पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही. जानेवारी 2021 च्या महापुरात बंजार जिल्ह्याच्या सखल भागांत पाणी कित्येक दिवस हटले नाही. त्याची कारणे डोंगरातल्या जंगलतोडीपासून खाणींपर्यंत बरीच सांगितली जातात आणि त्यांवर वाद आहे. सपाटीवरचे बुजलेले चर त्या यादीत असलेच पाहिजेत.

गोव्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. खाजण जमिनी म्हणजे हीच भरती-ओहोटीची भातशेती: बांध, मानस म्हणजे पाण्याची दारे, आणि त्यांची देखभाल करणारी गावकरी ही गावसंस्था. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, ते न्याय्यच होते. पण बांध राखायची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली, ती बऱ्याच ठिकाणी कुणाचीच झाली नाही, आणि खारे पाणी शेतात शिरले. जमिनीचा हक्क बदलताना पाण्याची जबाबदारी कुणाकडे जाते, हे त्याच दस्तात लिहायचे राहून गेले. बंजार खेड्यात हीच चूक टाळायला अजून थोडी सवड आहे.

सरकारला चर खणता येत नाहीत असे नाही. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या आदेशाने शेजारच्या मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टर पीट दलदल भातासाठी फोडायची योजना निघाली. 4,000 किलोमीटरहून जास्त कालवे खणले गेले. माती कोरडी पडली, 1997 मध्ये पेटली, आणि योजना गुंडाळावी लागली. हांडिल खणणारा माणूस भरती जिथे संपते तिथे थांबतो, कारण पुढची जमीन आंबणार हे त्याला माहीत असते. यंत्राला तसे थांबायचे कारण नव्हते. पुढे त्याच पट्ट्यात 2020 मध्ये पुन्हा अन्नधान्य प्रकल्प जाहीर झाला, यावर मी काही बोलत नाही.

आता दुसरी गोष्ट, नावाची.

बंजार समाजात नवराबायकोने संसारात मिळवलेल्या मालमत्तेला हार्ता परपांतांगान म्हणतात. नवरा गेला तर वारसांची वाटणी लगेच होत नाही. आधी या सामाईक मालमत्तेचा अर्धा हिस्सा बायकोचा म्हणून बाजूला काढतात, आणि उरलेला अर्धा वारशात येतो. त्यात विधवेला पुन्हा तिचा शरियतचा वाटा मिळतो. या रिवाजाचे श्रेय परंपरेने शेख मुहम्मद अर्शद अल-बंजारी (1710–1812) यांना दिले जाते. मक्केत अनेक वर्षे शिकून 1772 मध्ये परतलेला हा धर्मपंडित मार्तापुराजवळ दालाम पागारला राहिला आणि तिथे त्याने पडीक दलदलीत कालवा खणवून शेते उठवली. तो कालवा आजही सुंगाइ तुआन या नावाने ओळखला जातो. बायकोचा अर्धा हिस्सा आणि चर, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर जमा असावेत, हे मला फार बोलके वाटते. त्याने पाहिलेल्या शेतात बाई होती. तरवा, लावणी, लोंबी तोडणे यांत ती आजही आहे, आणि पहाटे लोक बाइन्तानच्या तरंगत्या बाजारात होडीतून संत्री-भाजी विकणारीही बहुतेक तीच.

मोजणीदार दारात येतो तेव्हा तो कुटुंबप्रमुखाचे नाव विचारतो. कायदा त्याला तसे सांगत नाही. 1974 चा विवाह कायदा संसारात मिळवलेली मालमत्ता सामाईक मानतो, 1991 च्या इस्लामी कायद्यांच्या संकलनाने अर्ध्या हिश्शाचे तत्त्व देशभर मान्य केले, आणि 1997 च्या जमीननोंदणी नियमांत एकाहून जास्त मालकांच्या नावे प्रमाणपत्राची सोय आहे. म्हणजे अडसर फक्त सवयीचा आहे. महाराष्ट्रात 1989-90 च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. ते धाडस होते, कारण इथल्या रिवाजात त्याला आधार नव्हता. बंजार खेड्यात आधार अडीचशे वर्षांचा आहे. तिथे बायकोचे नाव लिहायला कुणाचे मन वळवावे लागणार नाही, फक्त अर्जावर एक रकाना वाढवावा लागेल.

नावाचा दुसरा पेच वारसांचा. बंजार माणूस परागंदा होण्यात पटाईत. मादाम म्हणतात त्याला. एकोणिसाव्या शतकापासून हे लोक सुमात्रातल्या तेंबिलाहानला गेले, मलायातल्या पेराकला गेले, तिथेही दलदलीत चर खणून भात पिकवला. मागे राहिलेली जमीन भावाच्या वहिवाटीत असते, वाटणी न झालेली. 1997 च्या नियमांनुसार प्रमाणपत्र निघून 5 वर्षे उलटली, आणि घेणाऱ्याने जमीन सद्भावनेने मिळवून प्रत्यक्ष ताब्यात ठेवली असेल, तर ज्याने या काळात लेखी हरकत किंवा दावा केला नाही त्याला नंतर हक्क सांगता येत नाही. पेराकमधल्या तिसऱ्या पिढीला या पाच वर्षांची खबर कोण देणार? त्यात 2021 च्या नियमावलीने रूढीजन्य जमिनीच्या जुन्या लेखी पुराव्यांना नोंदणीसाठी आणखी 5 वर्षांची मुदत घातली. ज्याच्या हाती कागद आणि जो गावात हजर, त्याने घाई करावी असाच हा इशारा होता. माझ्या मते मुदत असावी, नाहीतर कुठलाच कागद पक्का होत नाही. पण वारसाहक्काच्या जमिनीत, गावाबाहेरच्या वारसांना कळवल्याचा पुरावा जोडल्याशिवाय घड्याळ सुरू होऊ नये.

रूढीचे गोडवे मात्र मी गाणार नाही. सांदा नावाचा प्रकार घ्या, आपल्याकडचे कब्जेगहाण. नडीला पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत शेत सावकाराने कसायचे. व्याज हराम, म्हणून पीकच त्याचे. फेडायला पैसे जमत नाहीत, कारण पीक येणारे शेतच हातात नसते. 1960 च्याच, शेतजमिनीच्या क्षेत्राबद्दलच्या दुसऱ्या एका कायद्याने सांगितले की सात वर्षे गहाण राहिलेले शेत मुद्दल न घेता परत करावे. पण तोंडी व्यवहारात सात वर्षे मोजणार कोण? किंवा इस्लाह, वाटणीतला सलोखा. गावचा तुआन गुरू, म्हणजे धर्मशिक्षक, शरियतचे हिस्से मांडून दाखवतो आणि मग भावंडे आपसांत ठरवतात, कधी सर्वांना समान, कधी आईवडिलांना सांभाळणाऱ्या मुलीला घर. रीत सुंदर आहे. 1991 च्या संकलनातले 183 वे कलमही हेच म्हणते, अट एवढीच की प्रत्येकाला आपला हिस्सा किती हे आधी कळलेले असावे. सलोख्याच्या नावाखाली बहिणीने भावांसाठी पाणी सोडायचे असते तेव्हा ही अट गळून पडते. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रांना जी कळा आहे, तीच तिथेही येऊ शकते. लेखी इस्लाहनामा, त्यात प्रत्येकाच्या शरियतच्या हिश्शाचा आकडा आणि मग सोडलेला भाग, हे सक्तीचे केले तर रूढीला धक्का लागत नाही आणि बहिणीला निदान ती काय सोडते आहे ते दिसते.

याच संकलनाच्या 189 व्या कलमाकडे फारसे कुणी पाहत नाही. दोन हेक्टरांहून कमी शेतजमीन वारशात आली तर ती अखंड ठेवावी, सर्व वारसांनी मिळून तिचा लाभ घ्यावा. कुणाला पैशांची गरज असेल तर त्याचा वाटा बाकीच्यांनी किंमत देऊन घ्यावा. हांडिलच्या पट्टीला हे कलम तंतोतंत लागू पडते, कारण ती आडवी तोडली तर मागच्या तुकड्याला चरच लाभत नाही. एक पट्टी, एक प्रमाणपत्र, आणि त्यावर सगळ्या वारसांची नावे.

राहिला चर. तो कोणाच्याही खाजगी नावावर जाता कामा नये, आणि नुसता "सरकारी" म्हणून सोडूनही चालणार नाही, कारण सरकार गाळ उपसायला येत नाही. हांडिलाच्या हिस्सेदारांची गट म्हणून नोंद व्हावी. काठापासून ठराविक अंतरात भराव घालायला मनाई आणि उपसण्याच्या कामात वाटा, या दोन अटी चराला लागून असलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर छापल्या जाव्यात, म्हणजे जमीन शहरातल्या माणसाने घेतली तरी अटी जमिनीबरोबर जातील. 1960 च्या कायद्याचे सहावे कलम प्रत्येक भूहक्काला सामाजिक कार्य असते असे म्हणते. त्याला हात घालायला यापेक्षा सरळ जागा सापडणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि मोजणीदार तसाही चराच्या काठाने चालतच जातो. कामाचा क्रम मात्र उलटा हवा. सोपी म्हणून आतली गावे आधी उरकण्यापेक्षा गाम्बुतच्या मोठ्या रस्त्यालगतच्या पट्ट्या, चरांची तोंडे असलेल्या, आधी मोजाव्यात. भराव तिथे पडतो आहे.